पैसे आहेत, प्रशिक्षण आहे. गिऱ्हाईक कुठे आहे?

प्रश्न: मी एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेत काम करते. गेल्या महिन्यात एका विकसनशील देशातल्या लघु आणि मध्यम उद्योगांना हातभार लावण्याचा तीन वर्षांचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला. निधी मंजूर आहे. वरिष्ठांनी आराखडाही जवळपास ठरवलाय: पहिल्या वर्षी दोन हजार उद्योजकांना पाच-पाच दिवसांचं प्रशिक्षण, दुसऱ्या वर्षी त्यांतल्या निम्म्यांना कर्ज, तिसऱ्या वर्षी अहवाल. ऐकायला बरं वाटतं, पण मनात पाल चुकचुकते आहे. मी स्वतः कधी धंदा केलेला नाही, घरातही कुणी केलेला नाही. वीस वर्षं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार? पैसा नेमका कुठे घालावा? आणि वरिष्ठांना काय सांगावं?
– एक साशंक अधिकारी

उत्तर: तुमची पाल पहिल्याच महिन्यात चुकचुकली, हे बरं झालं. माझी चुकचुकायला सात-आठ वर्षं लागली. माझ्या नोकरीचा पहिला निम्मा भाग बँकेच्या कर्ज विभागात गेला आणि उरलेला तुमच्यासारखेच कार्यक्रम राबवण्यात. त्यातली एक फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

एका कार्यक्रमात आम्ही सुतारकामाच्या वर्कशॉपना रंधा मारायचं मशिन अनुदानावर देत होतो. निम्मे पैसे आमचे, निम्मे त्यांचे. आठ महिन्यांनी पाहणीला गेलो. एका ठिकाणी मशिन जागेवर होतं, पण येताना जे प्लास्टिक गुंडाळून आलं तेच अजून अंगावर, आणि वर खुर्च्यांचे पाय रचून ठेवलेले. शेजारी दोन माणसं हातानेच रंधा मारत होती. मालकाला विचारलं, वीज नाही का? वीज होती. चालवता येत नाही का? येत होतं. मग तो काही न बोलता टेबलाकडे गेला, ड्रॉवर ओढला आणि रबर लावलेला बिलांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. एका मोठ्या संस्थेला त्याने दीडशे बाकं पुरवली होती. वरचं बिल पाच महिन्यांपूर्वीचं, खालची त्याहून जुनी. मशिन सुरू केलं तर माल जास्त निघणार, त्याला लाकूड जास्त लागणार, आणि उधारीवर लाकूड देणाऱ्याने केव्हाच हात वर केलेले. "हे वसूल करून देता का?" एवढंच त्याने विचारलं.

"मग मशिन कशाला मागितलंत?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"तुमच्या फॉर्मवर तोच प्रश्न होता."

फॉर्म मीच तयार केला होता. 'आपणांस कोणते मशिन हवे?' त्याखाली चार चौकोन. 'काहीच नको, आधी माझे अडकलेले पैसे सोडवा' असा पाचवा चौकोन नव्हता. तुमच्या वरिष्ठांचा आराखडा म्हणजे तोच फॉर्म आहे. आपल्याकडे द्यायला काय आहे, तिथून तो सुरू होतो. समोरच्याचा धंदा कुठे अडलाय, तिथून तो सुरू झाला पाहिजे. तुम्ही धंदा केलेला नाही याची मला फारशी काळजी वाटत नाही. धंदा केलेली माणसं बऱ्याचदा स्वतःच्याच धंद्याचं औषध सगळ्यांना पाजतात. तुम्हाला फक्त बिलं वाचता आली पाहिजेत.

आता तुमचे ते दोन हजार उद्योजक. हा आकडा ऐकला की मी लगेच विचारतो, यांतले धंदेवाले किती आणि नोकरी मिळाली तर उद्या धंदा बंद करतील असे किती? दोन्ही माणसं प्रामाणिकच असतात, पण त्यांची गरज वेगळी असते. पोटापुरता धंदा करणाऱ्याला स्थैर्य हवं असतं: आजारपणात दुकान बुडू नये, सावकाराच्या दारात जावं लागू नये. त्याला 'तुम्ही विस्तार करा' म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यावर जोखीम ठेवणं. दुसऱ्या बाजूला आठ-दहा माणसं कामाला ठेवून वीसपर्यंत जाऊ पाहणारा कारखानदार असतो. रोजगार तो वाढवू शकतो, आणि नेमका तोच दोन्हींच्या मधे अडकतो. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी तो फार मोठा, बँकेसाठी फार छोटा. जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१७ मध्ये १२८ विकसनशील देशांचा हिशेब मांडला होता. तिथल्या नोंदणीकृत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची न भागलेली कर्जाची गरज वर्षाला सुमारे ५.२ लाख कोटी डॉलर निघाली. त्यामुळे 'कर्ज द्या' हे तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. कर्ज कसलं आणि कुणाला, इथे खरी मेख आहे.

सूक्ष्म कर्जाची कहाणी तुम्हाला ठाऊक असेल. बांगलादेशात ग्रामीण बँक १९८३ मध्ये रीतसर बँक झाली, २००६ मध्ये तिला आणि तिचे संस्थापक मोहम्मद युनूस यांना शांततेचं नोबेल मिळालं, आणि जगभर वाटू लागलं की गरिबाला छोटं कर्ज दिलं की उद्योजक तयार होतो. मग २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र छापून आले. या कर्जाने लोकांना व्यवहारात थोडी मोकळीक मिळते, काहींचा धंदा वाढतो, पण सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नात मोठी उडी कुठेच दिसली नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. घरात येणाऱ्या पैशाचा चढउतार सांभाळणारं साधन म्हणून ते चांगलं आहे. कारखाना उभा करण्याचं ते साधन नाही, एवढंच.

कारण हप्त्याच्या रचनेत आहे. कर्ज घेतल्यावर पंधरा दिवसांत पहिला हप्ता द्यायचा असेल तर माणूस तो पैसा अशाच गोष्टीत घालणार जी पंधरा दिवसांत विकली जाईल. मशिन, साचा, नवा कामगार यांचा परतावा यायला महिने लागतात. कोलकात्यात एका संस्थेने काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केला. बाकी कर्ज तेच. त्या लोकांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफा इतरांपेक्षा ठळकपणे जास्त होता. हो, बुडीत कर्जंही वाढली. हे वरिष्ठांपासून लपवू नका. धंदा वाढवणारं कर्ज बुडण्याचा धोका पत्करूनच द्यावं लागतं, आणि तो धोका उचलायलाच तर तुमच्यासारख्या संस्थेचा पैसा असतो. बँकेचा नसतो.

म्हणून एक विनंती: तुम्ही स्वतः कर्ज वाटू नका. मी वाटलं आहे. परदेशी संस्थेचं कर्ज फेडायचं असतं हे लोकांना पटत नाही, आणि तिथल्या तिथे प्रामाणिकपणे व्याज लावून धंदा करणारी छोटी पतसंस्था मधल्या मधे मरते. तिथल्याच बँकांना कर्ज देऊ द्या आणि तुम्ही बुडण्याच्या काही भागाची हमी घ्या. हमीतही गोम असते. शंभर टक्के हमी दिली तर बँक आधीच डबघाईला आलेली कर्जं तुमच्या गळ्यात मारते. चिलीत १९८० पासून छोट्या उद्योगांसाठी फोगापे नावाचा सरकारी हमी निधी आहे. त्यांनी हमीचा लिलावच केला. जी बँक कमी टक्के हमीवर कर्ज द्यायला तयार, तिला हमी आधी. म्हणजे बँकेलाही आपले चार पैसे पणाला लावावे लागतात आणि ती कर्जदाराचं तोंड नीट बघून घेते. तारणाचंही तसंच. छोट्या कारखानदाराकडे जमीन-घर नसतं. मशिन, माल आणि येणं, म्हणजे विकलेल्या मालाचे गिऱ्हाइकाकडून यायचे पैसे, एवढंच असतं. चीनने २००७ मध्ये कायदा बदलून येणं असलेली बिलं तारण म्हणून नोंदवायची सोय केली. तुमच्या देशात अशी नोंदवही आहे का, हे पहिल्या आठवड्यात विचारा. नसेल तर तीन वर्षांत होणार नाही. तो नाद सोडा.

पण माझ्या सुताराचं काय? त्याला कर्ज नको होतं. त्याचा स्वतःचाच पैसा पाच महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्याच्या तिजोरीत बसला होता. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले म्हणजे छोट्याने मोठ्याला बिनव्याजी कर्ज दिलं, आणि वर स्वतः सावकाराकडून व्याजाने उचललं. विकसनशील देशांत हे इतकं सरसकट चालतं की कुणाला त्यात वावगं वाटतच नाही. भारतात २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत चुकतं करायचं बंधन घातलं, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. कायदा चोख आहे. पण ज्याच्यावर पुढची ऑर्डर अवलंबून, त्याच्यावर व्याजाचा दावा लावणारा शूर पुरवठादार मी फारसा पाहिलेला नाही.

मेक्सिकोने यावर जो तोडगा काढला तो मला आवडतो, कारण त्यात भांडण नाही. तिथल्या नाफिन्सा या सरकारी विकास बँकेने २००१ मध्ये एक इलेक्ट्रॉनिक व्यवस्था सुरू केली. मोठी कंपनी त्यावर फक्त एवढंच म्हणते: 'हे बिल बरोबर आहे, या तारखेला मी पैसे देईन.' मग बँका ते बिल थोडी रक्कम कापून विकत घेतात आणि छोट्या पुरवठादाराला लगेच पैसे मिळतात. कंपनी आपल्या तारखेला बँकेला देते. बँक पत बघते ती मोठ्या कंपनीची, त्यामुळे छोट्याला व्याजही मोठ्याच्या भावात पडतं आणि तारण कुणी मागत नाही. सगळी किल्ली त्या एका 'बरोबर आहे'मध्ये आहे. तुमच्या निधीतला एक हिस्सा दहा-बारा मोठ्या खरेदीदारांना, त्यात सरकारी खातीही आली, हे एवढं म्हणायला लावण्यात गेला तर तो दोन हजार लोकांच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त कामाला येईल असं माझं मत आहे. खातेप्रमुखांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. ते काम कुणाला आवडत नाही, कारण त्याचा फोटो येत नाही.

प्रशिक्षणाबद्दल मी फार कडवट बोलतो अशी माझी ख्याती आहे, म्हणून आधी चांगलं सांगतो. टोगोची राजधानी लोमे इथे दीड हजार छोट्या उद्योजकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. काहींना नेहमीचं प्रशिक्षण दिलं: हिशेब, जाहिरात, भांडवल. काहींना मानसशास्त्रावर आधारलेलं, ज्याचा सगळा भर पुढाकार घेण्यावर. शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय कराल, अडचण येण्याआधी काय कराल, नकार आला तर दुसऱ्यांदा कसं जाल. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोगाची नाही असं खात्रीने म्हणता येण्याजोगी नव्हती. डॉमिनिकन प्रजासत्ताकात याहून साधी गोष्ट निघाली. रीतसर जमाखर्च शिकवलेल्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. 'घरचा पैसा एका ड्रॉवरमध्ये, धंद्याचा दुसऱ्यात' असे दोन-चार ठोकताळे शिकवलेल्यांच्या हिशेबात फरक पडला. मला यात आश्चर्य वाटलं नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाने रात्री ताळेबंद मांडावा ही अपेक्षा ताळेबंद शिकवणाऱ्यांचीच असते.

दहा-पन्नास कामगारांच्या कारखान्यांना मात्र वर्गात बसवून काही होत नाही. त्यांच्याकडे माणूस जावा लागतो. मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात ४३२ उद्योगांमधून दीडशेंना चिठ्ठ्या टाकून सल्लागार दिला. आठवड्याला चार तास, वर्षभर, फी बरीचशी सवलतीत. लगेच उत्पादकता वाढली, आणि पाच वर्षांनी सरकारी नोंदी तपासल्या तेव्हा या उद्योगांमध्ये कामगारांची संख्याही बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त होती. खर्चिक आहे, हो. तुमच्या दोन हजारांच्या जागी कदाचित दीडशेच बसतील. त्या दीडशेंपैकी प्रत्येकाच्या कारखान्यात सल्लागार वर्षभर जाईल, मालाचा ढीग बघेल, 'हा चामड्याचा गठ्ठा तीन महिने इथेच का पडलाय?' असं विचारेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन तोच प्रश्न विचारेल. पाच दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि तो गठ्ठा खाली तसाच राहतो.

आता गिऱ्हाइकाकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या आराखड्यातलं सगळ्यात मोठं भोक तिथेच आहे. त्यात खरेदीदाराचं नावसुद्धा नाही. इजिप्तमध्ये फुवा नावाचं हातमागाच्या गालिच्यांचं गाव आहे. तिथे संशोधकांनी एका संस्थेबरोबर मिळून श्रीमंत देशांतल्या खरेदीदारांच्या ऑर्डर मिळवल्या आणि काही विणकरांना, चिठ्ठ्या टाकून, त्या पुरवायची संधी दिली. कर्ज नाही, वर्ग नाही, फक्त ऑर्डर, आणि माल बघून 'इथे कड वाकडी आहे, पुन्हा विणा' म्हणणारा मधला माणूस. नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. मला भावला तो पुढचा भाग. नंतर सगळ्या विणकरांना एकाच ठिकाणी बोलावून, तोच माग, तेच सूत देऊन, तोच साधा स्थानिक गालिचा विणायला सांगितला. निर्यातीचं काम केलेल्यांचा गालिचा सरस निघाला. म्हणजे गिऱ्हाईक फक्त पैसे देऊन गेलं नव्हतं, हात घडवून गेलं होतं. चोखंदळ खरेदीदार हा सगळ्यात स्वस्त प्रशिक्षक असतो, आणि त्याची फी तोच देतो.

तंत्रज्ञान आणून द्यावं असं तुम्हाला कधी ना कधी वाटणारच. तेव्हा सियालकोट आठवा. पाकिस्तानातलं हे शहर जगासाठी फुटबॉल बनवतं. नेहमीच्या फुटबॉलला वीस षटकोनी आणि बारा पंचकोनी तुकडे लागतात. षटकोन मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांना खेटून बसतात, कापताना फारसं वाया जात नाही. पंचकोन तसे बसत नाहीत, त्यांच्यामधली चिंधी फुकट जाते. काही अर्थशास्त्रज्ञांनी पंचकोन जरा सरकवून कापणारा साचा तयार केला, ज्याने रेक्झिन वाचतं, आणि तो काही कारखान्यांना फुकट दिला. सव्वा वर्षाने पाहिलं तर बहुतेक साचे पडून. कारण? कापणाऱ्या कामगाराला मजुरी नगावर मिळायची. नव्या साच्यावर हात बसेपर्यंत त्याचा वेग मंदावणार, म्हणजे त्याची मजुरी बुडणार, आणि वाचलेलं रेक्झिन मालकाच्या खिशात जाणार. त्याने मालकाला सांगितलं, हे काही चालत नाही. मालकाने विश्वास ठेवला. मग संशोधकांनी काही कारखान्यांतल्या एकेका कापणाऱ्याला आणि छपाईवाल्याला सांगितलं, हे चालवून दाखवा, साधारण महिन्याच्या पगाराएवढी रक्कम एकदाच मिळेल. साचे बाहेर निघाले. सल्लागार, मालक, बँक या सगळ्यांशी तुम्ही बोलाल. साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं राहून जातं.

सियालकोटची आणखी एक गोष्ट अशा कार्यक्रमांच्या बैठकांमध्ये मी नेहमी काढतो, आणि लोक नेहमी घड्याळ बघतात. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेने दर्जाच्या कारणावरून त्यांचा माल अडवला. एकेकट्याने काही झालं नसतं. त्यांच्या संघटनेने सरकारला बरोबर घेतलं, दर्जाचे नियम शिकवणारे सल्लागार आणले आणि काही वर्षांत मुख्य निर्यातदार त्या कसोटीला उतरले. त्याच शहराच्या व्यापाऱ्यांनी पुढे स्वतः वर्गणी काढून विमानतळ बांधला, २००७ मध्ये तो सुरू झाला. सांगायचा मुद्दा असा की एकाच मालाचे कारखाने जिथे दाटीवाटीने असतात तिथे एकाला दिलेली मदत दहांना पुरते: एक तपासणी प्रयोगशाळा, एक उष्णप्रक्रियेची भट्टी, एक संघटनेचा सचिव ज्याला चार पत्रं लिहिता येतात. तुमचा निधी देशभर शिंपडू नका.

उद्योजकांना एकत्र बसवणंही फार स्वस्तात होतं. चीनमधल्या नानचांग शहरात सुमारे दहा-दहा कारखानदारांचे गट करून वर्षभर दर महिन्याला एकमेकांच्या कारखान्यात भेटायला सांगितलं. विक्री सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास वाढली. शिकवायला बाहेरून कुणी नव्हतं. एकच पथ्य पाळा: एकाच गिऱ्हाइकासाठी झगडणारे दोघे एका गटात घालू नका, तोंडं शिवली जातात. आणि गटात एखादा जरा मोठा कारखानदार असू द्या. बाकीचे त्याच्याकडून शिकतात, तो नुसता मिरवतो. चालतं तेवढं.

'होतकरू' उद्योजक निवडण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमायचा मोह होईल. नायजेरियाने २०११ मध्ये व्यवसाय-आराखड्यांची मोठी स्पर्धा घेतली. सुमारे २४ हजार अर्ज आले, १२०० विजेते निवडले, प्रत्येकाला सरासरी ५० हजार डॉलर, तेही चार टप्प्यांत, काम दाखवल्यावर पुढचा टप्पा. तीन वर्षांनी विजेत्यांचे धंदे टिकण्याचं आणि दहा माणसांच्या वर जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त होतं. म्हणजे मोठी रक्कम, टप्प्याटप्प्याने, हे जमतं. पण परीक्षकांच्या गुणांवरून पुढे कोण वाढणार हे काही ओळखता आलं नाही. तेव्हा समितीला फार मान देऊ नका. किमान पात्रता बघा, मग चिठ्ठ्या टाका. न्याय्यही आहे आणि पुढे तुलना करायलाही बरं.

नोंदणी करवून घ्या असा एक मुद्दा आराखड्यात असणार, तो प्रत्येकात असतो. १९८३ मध्ये पेरूचे अर्थतज्ज्ञ अर्नान्दो द सोतो यांच्या लोकांनी तिथल्या राजधानीत, लिमामध्ये, एक छोटं कपड्यांचं वर्कशॉप कायदेशीर करून पाहिलं, २८९ दिवस लागले. तेव्हापासून सगळे नोंदणी सोपी करण्याच्या मागे आहेत. तशी ती सोपी असावीच. पण श्रीलंकेत नोंदणीची माहिती दिली, खर्च भरून दिला, तरी जवळपास कुणी गेलं नाही. एक-दोन महिन्यांच्या नफ्याएवढे पैसे हातावर ठेवले तेव्हा काही गेले. नोंदणीतून ऑर्डर मिळत असेल तर माणूस स्वतःहून रांगेत उभा राहतो. नसेल तर तो कर खात्याला पत्ता कशाला देईल?

महिलांच्या उद्योगांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यातच. त्याच श्रीलंकेत छोट्या धंद्यांना बिनपरतीचं भांडवल दिलं तेव्हा पुरुषांच्या धंद्यात नफा चांगला वाढला, बायकांच्या धंद्यात सरासरीने वाढलाच नाही. यावरून बायकांना धंदा जमत नाही असा निष्कर्ष काढणारे होतेच. पुढे भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासल्यावर दिसलं की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईला मिळालेलं भांडवल बहुतेक वेळा तिकडे वळतं. तेव्हा पैसा कुणाच्या खात्यात जातो, एवढ्यावर थांबू नका. पासबुक कुणाच्या कपाटात असतं, तेही बघा.

वरिष्ठांचं म्हणाल तर त्यांच्याशी तत्त्वावर भांडू नका. त्यांनाही वर कुणालातरी दोन हजार हा आकडा दाखवायचा असतो. त्यांना दुसरे आकडे द्या. प्रशिक्षणाला बसलेली माणसं मोजण्याऐवजी, बिल दिल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे सरासरी दिवस, नवीन मिळालेले कायमचे खरेदीदार, आणि मदत संपल्यानंतर एक वर्षाने कामावर असलेली माणसं. हे तिन्ही आकडे आलेखात छान दिसतात, वरिष्ठांची गरज भागेल. आणि पहिले तीन महिने मागून घ्या, ज्यात एक पैसाही वाटायचा नाही. 'आधाररेषा सर्वेक्षण', म्हणजे मदतीआधीची स्थिती टिपणारी पाहणी, म्हणा, ते लगेच मंजूर होतं. पाच दिवसांच्या वर्गाला सरळ नाही म्हणू नका. दोनशे लोकांसाठी ठेवा, टोगोच्या पद्धतीने. काहीतरी तर द्यावं लागतंच.

त्या तीन महिन्यांत एकच मोठा खरेदीदार आणि एकाच मालाचे चाळीस कारखाने निवडा. फॉर्म नेऊ नका. साधी वही न्या. प्रत्येक ठिकाणी मालक, कामगार आणि शक्य झालं तर त्यांना कच्चा माल उधार देणारा, तिघांशी बोला. मालकाला ड्रॉवर उघडायला सांगा. पहिल्यांदा नाही उघडणार, दुसऱ्या खेपेला उघडेल. प्रत्येक बिलावरची तारीख वहीच्या डाव्या बाजूला लिहा, पैसे आल्याची तारीख उजव्या बाजूला. जिथे उजवी बाजू कोरी राहते, तिथे पेन्सिलीने फुली मारा आणि खरेदीदाराचं नाव लिहा. चाळिसावा कारखाना झाला की फुल्या मोजा, कुणाचं नाव किती वेळा आलं ते बघा, आणि मला पुन्हा पत्र टाका. तोपर्यंत कर्जाच्या ओळीवर सही करू नका.